मोडलेला घास

"माणूस मेल्यालं सोसतंय गं, त्येनं अर्ध्यावर टाकल्यालं सोसत न्हाय."

अंबुबाई असं एकदा म्हणाली होती. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी सोडून बसल्या होत्या, आणि शेजारच्या अक्काताईनं तिला सहज विचारलं होतं, "का गं अंबू, तू लोकास्नी रडवतीस तरी कसं? मिरचीबिरची नेतीस का काय वट्यातनं?" सगळ्या हसल्या. अंबुबाईही हसली. मग भाकरीचा तुकडा हातातच ठेवून तिनं हे एक वाक्य सांगितलं आणि जेवायला लागली. त्यापलीकडं तिनं आपल्या कामाबद्दल कधी कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही.

ते काम असं होतं. निपाणीच्या आसपासच्या गावांत माणूस गेलं की बाया हेल काढून रडत. गेलेल्याचे गुण, त्याचं येणं-जाणं, त्याचं नाव, सगळं त्या हेलात यायचं. त्यात गोड गळ्याच्या, शब्द जुळवणाऱ्या बाया असत आणि त्यांना मान असे. पण एखाद्या घरात असं व्हायचं की ज्याचं माणूस गेलं त्यालाच रडू यायचं नाही. बाकीचं घर रडून मोकळं होई, आणि आई किंवा बायको किंवा भाऊ भिंतीला पाठ लावून बसून राही. पाऊस अडतो, बाळंतीण अडते, तसं लोक म्हणत, "हिचं रडू अडलंय." याची फार भीती असे. अडलेलं रडू छातीत बसतं, माणूस खुळं होतं, नाहीतर वर्षाच्या आत मागोमाग जातं, असं सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलेलं होतं. तीन दिवस वाट बघत. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हातारं म्हणे, "अंबुबाईला सांगावा धाडा."

ती येई. हेल काढत नसे, गळ्यात पडत नसे, गेलेल्याचं नावही घेत नसे. एका बाजूला बसून घर बघत राही. खुंट्या, कोनाडे, दिवळ्या, आढ्याला खोचलेल्या वस्तू. कधी घटकाभर, कधी सकाळपासून दुपारपर्यंत. मग काहीतरी विचारी. "ह्या खुरप्याला मूठ का न्हाय?" एवढंच. आणि मूठ गेलेल्यानं तासायला घेतलेली, एका बाजूनं तासून झालेली, कोनाड्यात ठेवलेली असे.

त्या घरातलं ती काही घेत नसे. पाणीसुद्धा नाही. आणि काम झालं की न बोलता उठे. आपल्याकडं दुःखाच्या घरातून उठताना 'येते' म्हणत नाहीत. म्हटलं तर पुन्हा तशाच कारणानं यावं लागतं. इतर लोक निदान मान हलवून, हात जोडून उठत. अंबुबाई तेही करत नसे.

तिचे स्वतःचे डोळे बारा महिने वाहत. वखारीत सुकलेली पानं बडवून, चाळून जर्दा करायचा, आणि त्याचा खकाणा सगळीकडं उडायचा. नव्या बायका पहिले आठ दिवस आंधळ्यासारख्या वावरत. अंबुबाईची तर वीस-पंचवीस वर्षं त्यातच गेली. पापण्या कायम लाल, कडा ओल्या. दुसऱ्यांना रडवणाऱ्या या बाईला स्वतःला कधी रडू येतं का, हे त्यामुळं कुणालाच सांगता येत नसे. वखारीत बायका चिडवत, "अंबू, आज कुणासाठी गं?" ती म्हणे, "मालकासाठी. माल लई बारीक चाळाय सांगतोय मुडदा."

ती मूळची बेळगावजवळच्या कंग्राळीची. लग्न होऊन निपाणीकडं आली तेव्हा तेरा वर्षांची होती. नवरा मष्णू दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा. त्याच्या हातांना गप्प बसणं माहीत नव्हतं. बोलत बसला तरी बोटं काहीतरी वळत असायची. प्लेगाच्या साली गाव उठून माळावर गेलं. कडब्याच्या झोपड्या, चुली उघड्यावर, रात्रंदिवस वारा. मष्णूनं तिथं अंबाडीचा वाख सोलून वासरीसाठी दावं वळायला घेतलं. लांबी बघायला त्यानं वळून झालेलं टोक वासरीच्या गळ्यात अडकवलं, दुसरं टोक तसंच मोकळं होतं. "काख दुखतीया," म्हणाला आणि आत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपला.

अंबुबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती रडली नाही. त्याचे कपडे, घोंगडं, झोपडी, सगळं सरकारी माणसांनी जाळलं, ती बघत उभी राहिली. सासू म्हणाली, दगडाची आहे. पंधराव्या दिवशी वासरी ओढ घेऊन पळायला लागली म्हणून अंबुबाईनं दाव्याचं मोकळं टोक हातात धरलं. ओढीनं पीळ सुटायला लागला. मष्णूनं घातलेला एकेक पीळ तिच्या मुठीत उलटा फिरत, सैल होत, वाख होत गेला. ती ओरडली. वासरीला नाही, दाव्याला. मग खाली बसली आणि दिवस कलेपर्यंत रडत राहिली. वासरी तिथंच उभी राहिली, असं ती सांगायची. पळून जायला मोकळी होती, तरी गेली नाही.

ते दावं, जेवढं उरलं तेवढं, पुढं चाळीस वर्षं तिच्या खुंटीवर होतं.

ती कधी चुकलीच नाही असं म्हणणं खोटं होईल. एका गावात रुक्माबाई नावाच्या बाईचा सात वर्षांचा मुलगा विहिरीत पडून गेला. त्याच्या पाटीवर वजाबाकी अर्धी मांडलेली होती. अंबुबाईनं पाटी आणून आईच्या मांडीवर ठेवली. रुक्माबाईनं पाटीकडं बघितलं, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि ती पाटी स्वच्छ पुसली. मग काळी कोरी पाटी उलटसुलट करून बघत बसली. ती पुढं बोललीच नाही. सहा-सात वर्षं जगली, काम करायची, जेवायची, पण बोलली नाही. अंबुबाई दर दिवाळीला त्या गावी जाऊन तिच्या दारात बसून येई. त्यानंतर तिनं कुणाच्या हातात काही दिलं नाही. दिसेल असं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच ठरवलं.

ती स्वतः गेली सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात. वखारीतल्या बायका आल्या. सवयीनं त्यांचे डोळे खुंट्या-कोनाड्यांकडं गेले. अर्ध्यावर टाकलेलं काहीच नव्हतं. पीठ दळलेलं, चूल सारवलेली, गोधडीची शेवटची दोऱ्याची गाठ मारलेली. फक्त ते दावं, आणि ते काही तिनं अर्ध्यावर टाकलेलं नव्हतं. सगळं पुरं केलेलं ते घर बघून अक्काताईला जे रडू फुटलं ते आवरेना. म्हणजे अंबुबाईचं वाक्य तिच्या स्वतःच्या बाबतीत खरं ठरलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसाच्या वाक्यापेक्षा माणूस मोठं असावं.

पण तिच्याबद्दल एकच हकीकत सांगायची झाली तर ती अठरा सालची, मानमोडीच्या तापाची.

त्या वर्षी आश्विनात हा ताप आला आणि दिवाळीपर्यंत घरटी माणूस गेलं. रडणाऱ्या बायाच अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हेल काढणार कोण? वखार बंद होती. अंबुबाईला ताप येऊन गेला होता, उठली ती नुसती हाडं घेऊन. तेवढ्यात एका दुपारी वेदगंगेच्या काठच्या एका गावातून परशराम नावाचा गडी तिच्या दारात आला.

"आमच्या आक्कांनी बोलावलंय. चंद्रप्पा आप्पांच्या घरातनं."

चंद्रप्पांना त्या भागात सगळे ओळखत. जैन शेतकरी, तंबाखूचा व्यापारही होता. घरात कानडी, बाहेर मराठी. बोलणं थोडं आणि पक्कं. या तापात त्यांनी स्वतःच्या मळ्यातली बाभळीची झाडं पाडून गावातल्या प्रत्येक चितेला लाकूड दिलं होतं, जात न विचारता. आणि बारा दिवसांमागं त्यांचा एकुलता मुलगा बाहुबली त्याच लाकडांवर गेला होता.

"सुनेचं रडू अडलंय," परशराम म्हणाला. "आणि दूध बी. चार म्हैन्यांची पोरगी हाय अंगावर. गाईचं दूध वकतीया. वाती-वातीनं गुळाचं पाणी चोखवत्यात. आता रडायचं बी सोडलंय तिनं. वैद्य म्हणाला, आईला पान्हा फुटला तर फुटला, न्हाईतर दोन दिवस."

"चंद्रप्पा आप्पांनी बोलावलंय?"

"आप्पास्नी ठाव न्हाय. आक्कांनी गुपचूप धाडलंय मला."

"मग म्या आले कशाला म्हणून सांगायचं?"

"हरभरा निवडायला आले म्हण."

"सुतकात हरभरा?"

"मग तूच काय ते सांग बाई. म्या गडी हाय, वकील न्हवं."

ती त्याच्याबरोबर निघाली. दोन कोस चालताना तीनदा बसली. पाय अजून तापातून सावरलेले नव्हते.

चंद्रप्पा सोप्यात जपमाळ घेऊन बसले होते. त्यांनी तिला बघितलं आणि लगेच ओळखलं.

"अंबुबाई, तू कशाला आलीस ते मला कळतंय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आमच्यात रडत न्हाईत. रडण्यानं रडणाऱ्याला कर्म लागतं, आणि जाणाऱ्याच्या पायात दोरी पडती. तो शांत गेला. मी त्याच्या कानात नवकार म्हणत होतो. आता त्याला जाऊ द्या."

"म्या कवा रडते आप्पा? माझ्या डोळ्याकडं बघू नगासा, ते वखारीचं हाईत."

चंद्रप्पांच्या ओठाची एक कड हलली. "दमलीयास. पाणी पी."

"ह्या घरचं आज न्हाय पीत."

"मग सावलीत बस." आणि त्यांनी माळेचा पुढचा मणी ओढला.

हा माणूस कठोर नव्हता. जे खरं मानलं ते तो स्वतः आधी पाळत होता, आणि मुलाच्या बाबतीत तर सगळ्यात जास्त. अंबुबाईनं हे तिथल्या तिथं ओळखलं असावं, कारण ती त्यांच्याशी वाद घालायला बसली नाही. ती आत गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसली. त्या घराच्या चुलीपर्यंत परक्या माणसानं जायची रीत नव्हती.

आत चंद्रप्पांची बायको प्रेमलाआक्का आणि सून चंपाबाई. चंपाबाई अठरा-एकोणीस वर्षांची, तोंड पिठासारखं पांढरं. मांडीवर पोरगी. पोरीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. चंपाबाई विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर देत होती. पाणी भरलं का? भरलं. पोरगी मुतली का? सकाळी एकदा. तिचं ते नीट बोलणं ऐकवत नव्हतं.

अंबुबाई बसून राहिली. खुंटीवर बाहुबलीचा रुमाल होता, धुतलेला, घडी घातलेला. जोडे जोडीनं ठेवलेले. वहीत हिशेब पुरा. व्यवस्थित माणूस असणार, बापासारखा. दुपार टळली. अर्ध्यावरचं तिला काही सापडेना.

मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. चंपाबाई मधूनच वर बघत होती. चुलीच्या बाजूला आढ्याला शिंकं टांगलेलं होतं, त्यात एकावर एक दोन गाडगी. एकदा प्रेमलाआक्का मीठ काढायला तिकडं वळल्या, तर पोरगी मांडीवर असताना चंपाबाई झटकन उठली आणि खालच्या गाडग्यातून मीठ काढून दिलं. वरच्याला तिनं हात लावू दिला नाही.

"आक्का," अंबुबाई हळू म्हणाली, "त्या वरच्या गाडग्यात काय हाय?"

"कुठं? ते रिकामं हाय."

"बघा की जरा."

"नको," चंपाबाई म्हणाली. बारा दिवसांत तिनं न विचारता काढलेला हा पहिला शब्द होता.

प्रेमलाआक्कांनी गाडगं उतरवलं. आत फडकं, फडक्यात जोंधळ्याची भाकरी. वाळून खापरीसारखी झालेली, कडेला बुरशी धरलेली. एका बाजूनं एक घास मोडलेला, आणि तो मोडलेला घास, दोडक्याच्या भाजीचा वाळका डाग असलेला, भाकरीवर परत ठेवलेला.

"अगंबाई, शिळं!" प्रेमलाआक्का एवढंच बोलल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. या घरात आदल्या दिवशीचं अन्न सकाळी राहत नसे.

मग त्या उंबऱ्याशी बसल्या आणि अंबुबाईला सांगू लागल्या. आवाज खाली होता, पण सोपा दहा पावलांवर होता, आणि माळेच्या मण्यांचा आवाज थांबलेला अंबुबाईला ऐकू आला.

"आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय, तुला ठाव हाय. दिवस किती राहिला ते हेच सांगत्यात. अंगणात उभं राहायचं, हात लांब करायचा, डोंगर आणि सूर्याच्या मधी किती बोटं मावत्यात ते बघायचं. चार बोटं म्हणजे निवांत जेव. एक बोट म्हणजे आवर. सगळी गल्ली ह्यांनाच इचारती. त्या दिवशी आभाळ भरून आलतं. सूर्य दिसंना. बाहू मळ्यातनं पळत आला, सकाळपासनं पोटात काय न्हवतं. गावात तीन मढी झालती, त्येंच्या लाकडाच्या मागं होता. ताटावर बसला. हिनं भाकरी वाढली. त्येनं घास मोडला, भाजीला लावला, आणि हे सोप्यातनं म्हणालं, 'बाहू, दिवस बुडाला.' अंधारून आलतं गं, कुणाला बी वाटलं असतं. त्येनं घास खाली ठेवला. हात धुतला. उठला. आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. ऊन पडलं, समोरच्या भिंतीवर, पिवळंधमक. चार बोटं दिवस होता बघ."

"मग?"

"मग काय. हसला. म्हणाला, 'आप्पा, दिवस हाय की अजून!' हे म्हणालं, 'हात धुतलास, उठलास. आजचं झालं.' नेमाचं असतंय ते. तो म्हणाला, 'बरं, उद्या दोन भाकरी जास्त.' आणि हिला म्हणाला, 'ठेव गं तशीच, माझा घास कुणी उचलू नगा.' चेष्टेनं म्हणाला. रात्री ताप भरला. मग काय खाल्लंच न्हाय त्येनं."

प्रेमलाआक्का पदर डोळ्याला लावत होत्या. चंपाबाईनं सगळं ऐकलं. तिचे डोळे कोरडेच होते. भाकरी उघडी पडली, गोष्ट सांगून झाली, तरी काही झालं नाही. पोरीचे ओठ हलायचे थांबले होते आणि चंपाबाई तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती.

दुसरं कुणी असतं तर तिथं हरलं असतं. अंबुबाईला रुक्माबाईची पुसलेली पाटी आठवली असेल, नसेल. ती थोडा वेळ चंपाबाईकडं बघत राहिली. चंपाबाई भाकरीकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती, सोप्याकडं, सासऱ्याच्या पाठीकडं. त्या पोरीनं बारा दिवस भाकरी लपवली होती ती कुणापासून, हे अंबुबाईला तेव्हा कळलं. सासऱ्यांना ती दिसू नये म्हणून. ही रडली असती तर काय म्हणून रडली असती? 'उपाशी गेला' म्हणून. आणि तो शब्द त्या घरात एका माणसाला ऐकवण्यासारखा नव्हता.

"आक्का, बाहुबली बसायचा कुठं जेवायला?"

"हितंच, सोप्याच्या कडेला. का?"

"पाट मांडा. ताट ठेवा. त्यात ही भाकरी ठेवा, हाय तशी."

प्रेमलाआक्का घाबरल्या. "हे चिडतील गं."

"चिडू द्यात."

प्रेमलाआक्कांनी पाट मांडला, ताट ठेवलं, भाकरी ठेवली. चंद्रप्पांनी बघितलं. "हे काय?" ते म्हणाले. "शिळं अन्न ताटात?" पुढं काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मोडलेला घास त्यांना दिसला. ते माळ मुठीत घट्ट धरून समोर बघत बसले.

अंबुबाई अंगणात उतरली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. ऊन अंगणातून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर चढलं आणि पिवळं झालं. परशराम गोठ्याच्या दारात वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. भिंतीवरचं ऊन पाटाच्या समोर, त्या दिवशी पडलं होतं तिथं आलं, तेव्हा अंबुबाई बोलली. गल्लीतलं कुणीही रोज विचारायचं तसं, साध्या आवाजात.

"आप्पा, दिवस बुडाला का ओ?"

चंद्रप्पा उठले. वर्षानुवर्षांची सवय होती, कुणी विचारलं की उठायचं. ते अंगणात आले, पश्चिमेकडं तोंड केलं, हात लांब केला, पंजा आडवा धरला. करंगळी डोंगरावर टेकवली.

"अजून..." ते म्हणाले. "अजून चार बोटं हाय."

हात तसाच राहिला. खाली येईना.

"जेव म्हणावं त्याला," चंद्रप्पा म्हणाले. "दिवस हाय अजून. जेव म्हणावं. बाहू, ये रे. बस. जेव."

आणि तो सरळ माणूस अंगणात खाली बसला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला. प्रेमलाआक्का पुढं म्हणत, की बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता, आणि पहिल्यांदा तो कुणाचा आहे हेच त्यांना कळलं नाही. त्या रडण्यात शब्द नव्हते, हेल नव्हता. फक्त "जेव रे, जेव रे" एवढं मधूनमधून.

चंपाबाई दारात आली. पोरगी छातीशी होती. सासऱ्यांना तसं बघून ती एक क्षण थांबली, जणू विचारत होती, आता चालेल का? मग तिच्या तोंडातून "उपाशी गेले हो आप्पा, उपाशी गेले," असं फुटलं आणि ती चौकटीला धरून खाली सरकली. तिचं सगळं अंग हलत होतं. बारा दिवसांचं रडू होतं ते, वाट मिळेल तिकडून येत होतं. चंद्रप्पा गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेले. सुनेच्या डोक्यावर सासऱ्यानं हात ठेवायची त्या घरात रीत नव्हती. त्यांनी ठेवला.

"रड पोरी," ते म्हणाले. "लागलं कर्म तर मला लागूंदे."

चोळीचा पुढचा भाग भिजलेला आहे, हे आधी प्रेमलाआक्कांनी बघितलं. त्या धावल्या, चोळीची गाठ सोडली, पोरीचं तोंड लावलं. पोरीला आधी ओढता येईना. दूध ओठावरून गालावर, कानाकडं ओघळलं. प्रेमलाआक्कांनी बोटानं तिची हनुवटी हलवली. एकदा. दोनदा. मग गिळल्याचा आवाज आला. त्या एवढ्याशा आवाजानं अंगणातली सगळी माणसं गप्प झाली, चंद्रप्पासुद्धा. मग पुन्हा एकदा आवाज आला. मग लागोपाठ येऊ लागला.

परशरामानं डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि तो त्याच भाऱ्यावर तोंड दाबून बसला.

उठायच्या आधी अंबुबाईनं पाटाकडं एकदा बघितलं. भाकरी होती तशीच होती. ती तिनं उचलायला सांगितली नाही, ठेवायलाही सांगितली नाही. भिंतीचा आधार घेत ती उभी राहिली.

"अंबुबाई," प्रेमलाआक्का नातीवरची नजर न काढता म्हणाल्या, "थांब गं जरा. परशरामला गाडी जुंपायला सांगते."

डोंगराच्या वर आता एकच बोट दिवस उरला होता. अंबुबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, लाल डोळे त्याच्या टोकानं टिपले, अंगणाबाहेर पाऊल टाकलं आणि ती न बोलता वाटेला लागली.